जित्या माणसाच्या फोटोला हार

डिजिटल चित्रकलेचा वर्ग सुरू झाला त्या पहिल्याच दिवशी मी पोरांना बजावलं होतं, इथं माझे नियम चालतील आणि मी नियम एकदाच सांगते. दुसऱ्यांदा सांगायची मला सवय नाही. नवरा म्हणतो, तू फळ्याशीसुद्धा भांडशील. भांडीन की! फळा वाकडा टांगला असेल तर भांडायलाच पाहिजे.

हे नियम काही पुस्तकातून आले नव्हते. औंढ्याहून जवळा बाजारकडं निघा, कुठल्याही फाट्यावर उभं राहा आणि मान वर करा. वाढदिवस, निवड, जावळ, दहावा, सगळ्याचे बॅनर. आमच्या पोरांच्या लेखी कॉम्प्युटरवरची चित्रकला म्हणजे बॅनर, दुसरं काही नाही. पहिल्या तासाला मी सहज म्हटलं, मनाला येईल ते काढा. तर नववीच्या पोरांनी एकमेकांचे फोटो कापले, चेहरे पिठासारखे पांढरे केले आणि मागं वाघ उभा केला. वाघ! जन्मात कुणी पाहिला होता का?

तेव्हापासून नियम. बॅनर करायचा नाही. फोटो चिकटवायचा नाही, हातानं काढायचं. कुणाला गोरं करायचं नाही, आईबापानं दिलेला रंग बराबर आहे. दुसऱ्याच्या चित्राला हात लावायचा नाही, आणि मीसुद्धा लावणार नाही, लांबून बोट दाखवीन. कोपऱ्यात आपलं नाव लिहायचं. वर्गात मोबाईल आणायचा नाही, आणि मला विचारल्याशिवाय इथलं चित्र शाळेबाहेर जाणार नाही. मोडलं की वर्गाबाहेर. हे शेवटचं सांगितलं तेव्हा सगळे गप्प झाले. कारण चालू होणारी यंत्रं मोजकी, पेननं काढायच्या पाट्या त्याहून कमी, आणि बसायला मिळावं म्हणून दारात वाट बघणारी पोरं ढीगभर. एकदा खुर्ची गेली की गेली.

त्या वर्गात एक पोरगी होती. नववीतली, बारीक, सावळी, बोलायला महाकंजूस. पण पाटीवर तिचा हात फिरायला लागला की मी मागं उभी राहून बघत बसायची आणि माझा चहा गार होऊन जायचा. बैलाचं नाक काढावं तर तिनं. ओलं दिसायचं. वर्गात सगळ्यात आधी येणारी आणि हाकलल्याशिवाय न उठणारी ती एकटीच. घरी शेत, बाप हळद करणारा, आई त्याच्याबरोबर राबणारी. तिला चैन म्हणून काही असेल तर तो माझा वर्ग होता, हे मला पक्कं ठाऊक होतं.

तो शनिवार होता, सकाळची शाळा. गावोगाव हळद शिजवणं चालू होतं, त्यामुळं निम्मी पोरं शेतात. मी खोलीत शिरले तर ही कोपऱ्यातल्या यंत्रावर उजाडल्यापासून बसलेली. पडद्यावर काय आहे ते मला दारातूनच दिसलं आणि माझे पायच थबकले. तिच्या बापाचं चित्र, काळं-पांढरं. भोवती चौकट, चौकटीला झेंडूचा जाड हार, आणि वर मोठ्या अक्षरांत ‘भावपूर्ण श्रद्धांजली’.

परवाच त्या माणसानं मला बसस्टँडवर नमस्कार केला होता. 

“अगं, कधी गं? काय झालं?”

ती खुर्चीतून उठून उभी राहिली. डोळे लाल, पण आवाज स्वच्छ. “कायबी झालं न्हाई मॅडम. पप्पा जित्ते हायेत. भायेर उभे हायेत.”

मी खिडकीतून पाहिलं. लिंबाखाली मोटारसायकल लावून तो खरंच उभा होता, पांढरा शर्ट, हात मागं बांधलेले. बाहेर माणूस जिता आणि आत त्याच्या फोटोला हार. माझं डोकंच सटकलं.

“अक्कल कुठं गहाण टाकली का गं? जित्या बापाचं हे असलं काढून राहिलीस?”

मग तिनं सांगितलं. बोलायला कंजूस पोरगी, पण त्या दिवशी एका दमात बोलली. काल हळदीच्या कढईपाशी बाप उकिडवा बसला होता, तेवढ्यात कुठून तरी कावळा आला आणि त्याच्या डोक्यावर पाय देऊन गेला. कावळा शिवला म्हणजे त्या माणसाचं मरण जवळ आलं, असं आमच्याकडं मानणारे अजून आहेत. त्यावर उतारा एकच. तो माणूस मेला अशी खोटी बातमी सख्ख्या रक्ताच्या माणसाला धाडायची. ते माणूस खरोखर रडलं की मरण टळतं. लटकं रडून भागत नाही. म्हणून खरं काय ते आधी सांगायचं नाही. मग डोळे कोरडे व्हायच्या आत, माणूस जिता आहे, म्हणून सांगायचं. घराबाहेर बापाला सख्खं म्हणावं असं एकच माणूस उरलेलं, त्याची बहीण, म्हणजे हिची आत्या, जवळा बाजारला दिलेली. आणि आईनं सांगितलं होतं, दिवस डोक्यावर यायच्या आत आत्या रडली पाहिजे.

“मग फोन करून सांगा काय सांगायचं ते. माझ्या वर्गात काहून हा धिंगाणा?”

“आत्या आमचा फोन उचलत न्हाई मॅडम. अन् आता नुसत्या सांगण्यावर कोण मानतं? बॅनर आला तरच लोकाला खरं वाटतं.”

खोटं नव्हती बोलत. आमच्या भागात माणूस मेला की अर्ध्या तासात मोबाईलवर बॅनर फिरतो आणि तो बघूनच लोक गाडीला किक मारतात.

“मग बॅनरवाल्याकडं जायचं.”

“गेले होते पप्पा. त्यो न्हाई म्हणला. जित्या माणसाच्या फोटोला मी हार घालणार न्हाई म्हणला.”

घ्या! बॅनरवाल्याला नियम होता आणि तो त्यानं पाळला होता.

मी बौद्धाच्या घरातली. आमच्या घरी कावळ्याला कावळाच म्हणतात. माझ्या वडलांनी असल्या गोष्टींवरून भावकीतसुद्धा कुणाची भीड धरली नाही आणि मी त्यांचीच लेक. तिला मी तिथल्या तिथं झाडली. कावळ्याला काय कळतं, त्याला हळदीजवळ भाकरीचा तुकडा दिसला असेल. तुला विज्ञान शिकवतात ते कशासाठी? ती मान खाली घालून ऐकत होती, आणि मी बोलता बोलता नको असताना चित्राकडं बघत होते. फोटो नव्हता तो. हातानं काढलेला चेहरा होता, दाढीचे खुंट एकेक मोजून घ्यावेत असा. गोरा केलेला नव्हता. आणि खाली कोपऱ्यात, श्रद्धांजलीच्या बॅनरवर, तिनं इमानेइतबारे आपलं नाव आणि इयत्ता लिहिली होती. हसावं का रडावं कळेना.

“पुसून टाक,” मी म्हणाले.

ती हलली नाही.

“ऐकू आलं का? पुस म्हणते. न्हाई तर वर्गाबाहेर.”

“मला वर्गाबाहेर काढा मॅडम,” ती म्हणाली. “पर एवढं धाडू द्या. मी परत कदीच येणार न्हाई, मग तर झालं?”

 या पोरीला त्या खुर्चीची किती किंमत होती ते मला माहीत होतं, आणि ती एका वाक्यात देऊन मोकळी झाली. मला बोलता येईना. मग जे नेहमी होतं तेच झालं. बोलता येईना की मला राग येतो. पोरीवर हात टाकण्यापेक्षा बापाला धरावं म्हणून मी तरातरा बाहेर गेले.

“तुमाला काही वाटतं का?” मी लांबूनच सुरुवात केली. “लेकराला असलं काम सांगता? पोरगी रात्रभर झोपलेली दिसत न्हाई!”

तो कसनुसा हसला. “मला बी पटत न्हाई मॅडम. पर घरात चूल पेटली न्हाई कालपासून. मायलेकी माझ्या तोंडाकडं बघून राहिल्या, जसं काय मी आत्ता पडतो का मग पडतो.”

“मग तुमीच समजवा की दोघींना! गडीमाणूस असून कावळ्याला भ्यायले?”

“कावळ्याला न्हाई भेलो मी.”  तो फाट्याकडं बघत होता.   “वावराच्या कागदावर म्या तिची सही घेतली मॅडम. हक्क सोडला म्हणून. तिनं एका सबदानं न्हाई म्हणलं न्हाई, सही केली अन् गेली. तवापासून उंबऱ्याला पाय न्हाई, राखी न्हाई, फोन न्हाई. आता हे चित्र तिला जाईल. अन् ती बघंल, अन् मोबाईल ठिवून देईल. रडलीच न्हाई तर?” त्यानं तोंडावरून हात फिरवला. “माणूस मेल्यावर त्याला कळत न्हाई कोण रडलं ते. मला जित्तेपणी कळणार हाये.”

माझ्या जिभेवर मोठं भाषण तयार होतं. ते कुठल्या कुठं गेलं. तरीही मी म्हणाले, चित्र मी जाऊ देणार नाही. बहिणीशी बोलायचं असेल तर गाडी काढा, जवळा बाजार काही परदेशात नाही, जा आणि पाया पडा. तो मान हलवत होता, व्हय मॅडम, बराबर हाये मॅडम, आणि पाय मात्र जमिनीत रोवलेले.

तेवढ्यात पोरगी आतून पळत आली. हातात बापाचा मोबाईल.

“गेलं,” ती म्हणाली. “म्या फोटो काढून धाडलं. आत्यानं बघितलं बी.”

माझ्या वर्गात मोबाईल, माझ्या वर्गात बॅनर आणि मला न विचारता शाळेबाहेर. एका दमात तीन नियम फासावर. आणि पाठवलं कुणाच्या मोबाईलवरून, तर मेलेल्या माणसाच्याच! मी तिला म्हणाले, “दप्तर उचल. आजपासून तू माझ्या वर्गात न्हाईस.” ती म्हणाली, “व्हय मॅडम.” डोळ्यांत पाणी नाही, काही नाही. तिचं सगळं लक्ष त्या मोबाईलकडं.

आणि तो वाजला.

पडद्यावर आत्याचं नाव. किती वर्षांनी आलं असेल ते नाव त्या पडद्यावर! बापाचा हात पुढं झाला, आणि पोरीनं मोबाईल छातीशी धरला. “उचलू नका पप्पा! तुमचा आवाज ऐकला तर ती रडणार न्हाई.” तो वाजत राहिला. थांबला. परत वाजला. आम्ही तिघं लिंबाखाली उभे, आणि मी, कावळ्याला कावळा म्हणणारी बाई, श्वास रोखून त्या मोबाईलकडं बघत होते. बाप म्हणाला, “एकडाव उचलतो गं, पोरी.” ती म्हणाली, “न्हाई.” मग तो वाजायचा बंद झाला आणि पुन्हा वाजलाच नाही.

 मी वर्गात निघून गेले.

शिकवलं काय ते आठवत नाही. कोपऱ्यातली खुर्ची रिकामी ठेवली, कुणाला बसू दिलं नाही. एक-दोघं पुढं सरकले तर त्यांच्यावर खेकसले. खिडकीतून बापलेक दिसत होते. घरी जायचं सोडून तो फाट्याकडं तोंड करून खाली बसला होता. त्यांच्या वस्तीला जायचं तर शाळेसमोरच्या त्याच फाट्यावर उतरावं लागतं. एक एसटी आली, गेली. एक काळीपिवळी जीप आली, तिच्यातून बाजाराच्या पिशव्या उतरल्या. दर गाडीला तो उठायचा आणि परत बसायचा. मधली सुटी झाली. पोरं लिंबाखाली खेळायला गेली आणि त्याला बघून आपोआप लांब सरकली. ऊन चढत चाललं. मला त्या न बघितलेल्या बाईचा भयंकर राग आला. अशी कशी गं तू? भाऊ मेला म्हणून कळलं आणि दोन फोन करून बसलीस घरी?

शाळा सुटायच्या घंटेआधी एक ऑटो फाट्यावर करकचून थांबला. त्यातून एक बाई उतरली. उतरली कशाची, पडलीच. डोक्यावर पदर नाही, पायात चप्पल नाही, एका हाताला पीठ वाळलेलं. तिचा हंबरडा मला वर्गात ऐकू आला. “माज्या दादा रं! मला न सांगता कुठं गेलास रं!” ती शाळेकडं बघतसुद्धा नव्हती, वस्तीच्या रस्त्यानं तशीच धावत सुटली होती, आणि ऑटोवाला पैसे मागायचं सोडून तिच्या मागं चप्पल घेऊन पळत होता.

पोरगी ओरडली, “आत्या!”

बाई वळली. लिंबाखाली भाऊ उभा.  ती तिथंच थिजली. मग हळूहळू चालत आली, त्याच्या तोंडाला हात लावला, छातीला लावला, आणि मग जे धरून बदडायला लागली त्याला! “मेल्या! मुडद्या...” तो शब्द तोंडातून निम्माच आला, आणि तिनं दोन्ही हातांनी आपलंच तोंड दाबून धरलं. जन्मभर भावाला त्याच शिव्या दिल्या असतील. त्या दिवशी देता येईनात. मग ती नुसती रडली. फतकल मारून, मातीत बसून, हमसून हमसून. तोही तिच्याजवळ बसला. अख्खी शाळा खिडक्यांत लटकली होती आणि मी एकालाही ओरडले नाही.

फोन का थांबले तेही कळलं. दोनदा लावला, कुणी उचलला नाही म्हणून तिनं मोबाईल तिथंच टाकला आणि भाकरीवरून उठून रस्त्याला लागली. गाडी मिळेना, म्हणून निम्मी वाट चालत आली होती.

पोरगी जवळ जाऊन उभी राहिली. “आत्या, म्या काढलं ते. काल कावळा शिवला पप्पाला.” मला वाटलं, आता हिला एक ठेवून देते. पण आत्यानं डोळे पुसले आणि म्हणाली, “ते आधी मोड. माझ्यासमोर मोड. माझ्या डोळ्यापुढून तो हार जाईना.”

घंटा झाली तशी मी त्या तिघांना खोलीत नेलं. पोरगी दारातच थांबली.

“ये की आत,” मी म्हणाले.

“मला काढलंय ना वर्गातून.”

“काढलंय. पण चित्र तुझंय. मी त्याला हात लावणार न्हाई. ये.”

ती आली, खुर्चीच्या काठावर बसली. कॉम्प्युटरवर चित्र काढताना प्रत्येक गोष्ट वेगळ्या थरावर ठेवता येते, पारदर्शक कागद एकावर एक ठेवावेत तशी. वरचा उचलला की खालचं जसंच्या तसं. तिनं पहिल्यांदा अक्षरं काढली. मग हार काढला. मग चौकट. आत्या एकेकाला मान हलवत होती, जसं अंगावरचं ओझं कुणी उतरवून घ्यावं. शेवटी पोरीनं तो काळा-पांढरा थर काढला, आणि बाप रंगात आला.

तिनं त्याला कढईपाशी बघितला तसाच काढला होता. कानाच्या पाळीवर, मानेवर, मिशीच्या टोकाला हळद. काळ्या-पांढऱ्यात मला ती सावली वाटली होती.

आत्या पुढं झाली. पडद्याजवळ गेली, पण हात लावला नाही. “हळद लावली होती रे तुला म्या,” ती म्हणाली. “मांडवात. करवली म्हणून. आठवतं का?” भावानं नकळत कानाची पाळी चोळली. “किती वाळलास रे दादा. पोरीनं सगळं काढलंय. मला कुणी सांगितलंसुद्धा न्हाई.”

तो खाली बघत म्हणाला, “वावराचं आपुन बघू. तुझं तुला देतो.”

“वावराला घाल चुलीत,” ती म्हणाली. “आधी घरी चल. वहिनीनं काल धरनं खाल्लं नसंल.”

मी पोरीकडं वळले आणि कडक आवाज काढला. “हे बघ. नियम मोडलास त्याची शिक्षा हायेच. आठवडाभर यंत्राला हात न्हाई, उभं राहून बघायचं. पुढच्या शनिवारी खुर्ची. कबूल?”

“कबूल मॅडम.” मग थोडी थांबून म्हणाली, “पर परत असं झालं तर म्या परत मोडीन.”

“ठाऊक हाये मला. चल, पळ.”

आत्यानं तिचा हात धरला आणि दोघी बाहेर पडल्या. मी यंत्रं बंद करत होते. बाप दारात घुटमळला. मला वाटलं, पोरीच्या शिक्षेबद्दल काही म्हणायचं असेल, नाही तर माफी मागायची असेल, म्हणून मी तयारच होते. पण त्यानं बाहेर बघून घेतलं, बहीण ऐकत नाही ना याची खात्री केली, आणि मला हळूच विचारलं,

“रडली ना मॅडम ती? तुमी पाहिलं ना?”

“पाहिलं,” मी म्हणाले. “लई रडली.”

त्यानं मान हलवली, शर्टाच्या बाहीनं डोळे पुसले आणि गाडी ढकलत त्या दोघींच्या मागं गेला.